सव्वादोनशे पौंडांचा शनिवार

मित्रांनो, मी एक जुना पोलादी दांडा आहे. वजन पंचेचाळीस पौंड, लांबी सात फूट. दोन्ही टोकांना चकत्या चढवून खेळाडू मला उचलतात. कारखान्यात मला सरळ केलं, हात घसरू नये म्हणून अंगावर बारीक चरे पाडले. अकरा वर्षं एका कॉलेजच्या व्यायामशाळेत राबलो. नवे दांडे आले आणि मी कोपऱ्यात गंजत उभा राहिलो. मग अमेरिकेतल्या फ्रिस्को शहरातल्या राजारामांनी मला आणलं, घासलं, तेल लावलं आणि गॅरेजमध्ये ठेवलं.

त्यांची सतरा वर्षांची मुलगी सावनी गोळाफेक करते. पहिल्या दिवशी तिला मी रिकामाही जड झालो. दोन वर्षांत ती दोनशे पंधरा पौंड खांद्यावर घेऊन बैठक मारू लागली. मी थक्क होतो. मला उचललं की मी झिजतो. ती मात्र ओझं उचलते, वरणभात आणि अंडी खाते, नऊ तास झोपते आणि वाढून परत येते. पोलादाला हे जमत नाही.

पुढे सहा आठवडे ती तिथंच अडकली. शनिवारी मोठी स्पर्धा होती आणि तिथं उत्तेजकांची चाचणी व्हायची. गुरुवारी हलका सराव घ्यायला तिच्या प्रशिक्षक शैलजामावशी आल्या, तेव्हा सावनी श्रीखंडाच्या डब्यात चमचा घालत होती.

"सावनी, सराव करताना श्रीखंड खातेस?"

"मावशी, इट्स नॉट श्रीखंड! ताकदीची पावडर आहे. शेजारच्या अवधूतकाकांनी दिली."

"मूळ डबा कुठाय?"

सावनीची आई प्रतिमा म्हणाली, "केवढा मोठा होता तो! कपाटात मावेना. म्हणून या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओतली आणि तो रीसायकलमध्ये टाकला. ट्रक घेऊन गेलासुद्धा."

"अहो वहिनी, पावडरीत काय आहे, कुठल्या बॅचची आहे, सगळं त्या डब्यावर होतं!"

अवधूतकाकांना फोन लावला. "जिममधल्या एकाने दिली यार, नाव नाही विचारलं. मला तर मस्त किक बसते!"

"तुम्हाला कुठं गोळा फेकायचाय?" मावशींनी फोन ठेवला. "किती दिवस घेतेयस?"

"तीन."

राजाराम हळूच म्हणाले, "नुसतं कॅफीनही असेल."

"असेल. नसेलही. सापडलं काही, तर बंदी येईल."

सावनी माझ्यावर हात ठेवून उभी होती. तळवा ओला होता.

"आय डोन्ट नो व्हॉट्स इन मी, मावशी. माझं नाव कॅन्सल करा."

प्रतिमा रडू लागली. मावशींनी नाव मागे घ्यायला पुन्हा फोन उचलला.

शनिवारी सकाळी, तिच्या स्पर्धेच्या वेळी, सावनी गॅरेजमध्ये आली. पावडर केव्हाच कचऱ्यात गेली होती. आठवडाभर हलक्या सरावामुळे अंगाला विश्रांती मिळाली होती. तिनं दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठ्या चकत्या चढवल्या. सव्वादोनशे. ती माझ्याखाली शिरली, खाली बसली. उठताना अर्ध्यावर थांबली. तिच्या पाठीचा प्रत्येक स्नायू मला जाणवत होता. मग ती उठली.

दाराशी शैलजामावशी होत्या. त्यांनी समाधानानं मान डोलावली.

त्या पावडरीत काय होतं, हे आजही कुणाला ठाऊक नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या दांड्यावरचा घाम पुसत जा, मी आणखी वीस वर्षं टिकेन. पण ज्याचं नाव-गाव माहीत नाही, ते पोटात घालू नका. एवढं अद्भुत शरीर कुठल्याही कारखान्यात बनत नाही. मी कारखान्यातूनच आलोय, म्हणून खात्रीनं सांगतो.