उगवतीचा वारा

प्रेरणाचा फोन सकाळी सात वाजता आला तेव्हा वादळ रत्नागिरीच्या पश्चिमेला, भर समुद्रात होतं.

"आबा, रात्रीत जोर वाढलाय त्याचा. काल वारा ताशी ऐंशी किलोमीटर होता, आता शंभरच्या वर गेलाय. दुपारी अलिबागच्या आसपास किनाऱ्याला लागेल."

"अलिबाग कुटं, आपण कुटं! मधी अख्खा घाट हाय की."

"घाट चढून येणार आहे ते. मी नकाशावर रेघ बघतेय ना. खोपोलीवरून कर्जतच्या अंगानं जाईल. आणि ऐका, ते गोल फिरतं. तुमच्याकडं वारा आधी पूर्वेकडून येईल."

"बरं," भिमाजी म्हणाला. पूर्वेचं त्याला पटलं नाही, पण पोरगी तळेगावात नोकरी सांभाळून बापासाठी पहाटेपासून नकाशा बघत बसली होती. तिला खोटं कसं पाडायचं?

कामशेतहून पवनेकडं जाणाऱ्या रस्त्याला भिमाजीचं अर्ध्या एकराचं पॉलिहाऊस होतं. खरं तर ते हिराचं. तिनंच तळेगावला जाऊन शिकून घेतलं, गुलाबाची रोपं आणली, मातीचे बेड भरले. भिमाजी फक्त फुलांचे खोके टेम्पोत घालून स्टेशनला पोचवायचा. गेल्या मार्गशीर्षात हिरा काविळीनं गेली. लोक म्हणाले, बंद कर आता, तुझ्यानं व्हायचं नाही. भिमाजीनं ऐकलं नाही. घरात गेलं की तिची जागा रिकामी दिसायची. इथं तसं होत नव्हतं. इथं दर सकाळी कळ्या तोडायला आलेल्या असायच्या, आणि त्या तिनं लावलेल्या झाडांच्या होत्या. दांडी कुठं कापायची, किती पानं खाली ठेवायची, हे त्याला या वयात शकुबाईनं शिकवलं. शकुबाई पहिल्या दिवसापासून हिराच्या हाताखाली फुलं तोडत आलेली. सुरुवातीला ती म्हणायची, "भाऊ, झाड हाय ते, ऊस न्हाई."

मोठा वारा यायचा असला की पॉलिहाऊसला एकच उपाय असतो. वरचं प्लास्टिक, ज्याला सगळे कागद म्हणतात, ते आपल्या हातानं कापून टाकायचं. कागद तसाच राहिला तर वारा आत शिरून अख्खा सांगाडा पायासकट उचलतो. कापला तर वारा पाइपांमधून निघून जातो. पाऊस आत पडतो, कळ्या डागळतात, पण झाडं जगतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी धडधाकट कागदाला कटर लावायला हात होत नाही.

शेजारी, उगवतीच्या अंगाला, बजरंगचं पॉलिहाऊस होतं. बजरंग हिराचा धाकटा भाऊ. हिरानंच त्याला इथं आणलं, शेजारची जागा करारानं मिळवून दिली. मधे सुबाभळीची एक रांग आणि चाळीस फुटांची वाट. हिरा गेली तेव्हा तेरा दिवस बजरंग भिमाजीच्या जवळून हलला नव्हता. भिमाजीला हातानं भरवलं होतं त्यानं.

आठ वाजता तोच आला, पावसासाठी डोक्यावर खताची रिकामी पिशवी घेऊन.

"दाजी, कापायचं बघा आज. दुसरा इलाज न्हाई."

"तू कापणार? आन् कुसगावच्या हाटेलातलं लगीन?"

रविवारी तिथं अख्खा मांडव गुलाबाचा करायचा होता. बजरंग महिनाभर तेच सांगत फिरत होता.

"लगीन गेलं तेल लावत. पण कापायचं तर दोघांनी, एकदम. तुमचं मावळतीला हाय, वारा पयला तुमाला लागणार. तुमचं ऱ्हायलं तर उडून माझ्याच डोक्यावर यायचं."

"प्रेरणा म्हणती, वारा आधी उगवतीकडनं येईल."

बजरंग हसला. "भाची माझी हुशार हाय, पन तिला म्हणावं, वादळाला पत्ता नीट सांग."

शकुबाईही हसली. "पावसाळ्यात उगवतीचा वारा? लगीन होऊन या गावात आले, तवापासनं न्हाई बघितला बाई."

भिमाजीलाही तसंच वाटत होतं. गावातल्या जुन्या घरांना मावळतीला खिडकी नव्हती. पॉलिहाऊसचे जाड पाइपही मावळतीलाच होते. पाऊस आणि वारा तिकडूनच यायचा, हे कुणी कुणाला शिकवत नव्हतं.

"कुटनं का यीना," तो म्हणाला. "दोघांनी कापलं म्हंजे झालं."

"दोघांनी. अक्काची आण," बजरंग म्हणाला आणि पावसात निघून गेला.

अकराला प्रेरणाचा पुन्हा फोन आला. वादळ हरिहरेश्वरच्या समोर आलं होतं, वेग एकशे दहा. "आबा, आता थांबू नका. मामा कापतोय ना?"

"कापतोय."

तिचा फोन ठेवेपर्यंत बजरंगचा आला. "चढलो म्या दाजी. करा सुरू."

शकुबाईनं शिडी धरली. भिमाजी दोन कमानींच्या मधल्या, छताचं पाणी वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या गटरवर चढला. पावसानं समोरचं धड दिसत नव्हतं. त्यानं कटर काढला आणि तसाच उभा राहिला. हा कागद हिरानं गेल्या वर्षी बदलून घेतला होता. त्या दिवशी ती खाली उभी राहून ओरडत होती, ताणा, अजून ताणा, सुरकुती नको. आता त्यावर सुरकुती नव्हती.

"भाऊ, कापा! खाली माझे हात गळाले," शकुबाई म्हणाली.

त्यानं सुबाभळीच्या वरून पलीकडं बघितलं. बजरंगच्या या बाजूच्या पहिल्या कमानीचा कागद सुटला होता. वाऱ्यावर फडफडताना स्पष्ट दिसत होता. म्हणजे पोरानं शब्द पाळला. भिमाजीला बरं वाटलं. आपण एकटे नाही असं वाटलं. त्यानं कटर लावला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेला. मग दुसरी कमान, मग तिसरी. दीड तासात पाचही कापून झाल्या. खाली उतरला तेव्हा पाऊस सरळ गुलाबांवर पडत होता. आठ वर्षांत त्या झाडांनी पाऊस बघितला नव्हता.

एक वाजता वादळ किनाऱ्याला लागलं. प्रेरणानं तेवढं सांगितलं आणि रेंज गेली. भिमाजी आणि शकुबाई पॅकिंगच्या खोलीत दार ओढून बसले. अडीचला वारा सुरू झाला, तो उगवतीकडून. खोलीचं दार मावळतीला होतं. दाराला धक्का लागेना, आणि मागची भिंत मात्र कुणी खांदा लावून ढकलावी तशी हादरायला लागली.

"पोरगी खरं बोलली की वो," शकुबाई म्हणाली.

भिमाजी बाजूच्या खिडकीच्या फटीतून बघत होता. सांगाडा उभा होता. कापलेल्या कागदाच्या चिंध्या उडत होत्या, पाइप शिट्ट्या मारत होते, पण खांब जागचे हलत नव्हते. अर्धा तास असाच गेला. तीन वाजले.

"ऱ्हायलं भाऊ. तुमचं ऱ्हायलं."

"आपलं म्हण," भिमाजी म्हणाला.

तेवढ्यात सुबाभळी कडाकड मोडल्या आणि त्यांच्या वरून पांढरं, रुंद काहीतरी उठलं. ते बजरंगचं पॉलिहाऊस होतं. पायाच्या सिमेंटचे गोळे खाली लोंबत होते. ते भिमाजीच्या सांगाड्यावर आलं आणि दोन्ही एकदम खाली बसली. पाइप एकात एक अडकले. पुढं दोन तास वारा चालूच राहिला, पण भिमाजीनं बाहेर बघितलं नाही.

सकाळी आभाळ मोकळं होतं. भिमाजी उजाडताच आला. वाकलेल्या पाइपांखाली, गुलाबांच्या बेडवर, बजरंगचा कागद पसरला होता. अख्खा. त्यानं कडेला हात लावला. कागद पट्टीत दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा जागच्या जागी होत्या. तो वाकून, पाइपांखालून सरपटून, एकेक कमान बघत गेला. चार कमानींना कटर लागलाच नव्हता. पाचवीला लागला होता, कडेकडेनं, सरळ. ती पहिली कमान होती, भिमाजीच्या गटरवरून दिसणारी.

तो बेडच्या मधे मातीत बसला. वाऱ्यानं नेलं असतं तर त्यानं सोसलं असतं. हिरा गेली तेही सोसलं होतं, तिथं कुणाला बोल लावायला जागा नव्हती.

बजरंग वाटेवर येऊन उभा होता. रात्रभर झोपला नसावा.

"दाजी."

भिमाजी पट्टीतली स्प्रिंग बोटानं चाचपत राहिला.

"दाजी, मला वाटलं वारा मावळतीनं येनार. तुमचं कापलेलं असलं म्हंजे माझ्यावर काय उडून येत न्हाई. माझं सुबाभळीच्या आडोशाला ऱ्हाईल, रविवारपातुर कळ्या टिकतील. वाईट मनात नव्हतं."

"मग एक कमान कशाला कापली?"

बजरंग पायातला मोडका पाइप बाजूला सारायला वाकला.

"मला दिसावी म्हणून कापली ना?"

"तुमी कापलं नसतं."

"तुझ्यासाठी थांबलो व्हतो म्या वर. तुझा कागद बघितला आन् मग कापला."

शकुबाई तेवढ्यात पोचली. तिनं दोघांकडं बघितलं, पट्टीतल्या स्प्रिंगांकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "बजरंग, सख्ख्या बहिणीची आण घेतली व्हती रं तू. माझ्यादेखत."

ऊन वर येत होतं. कागदाखाली वाफ धरायला लागली होती. झाडं पिचकली होती, पण बरीचशी मुळाशी शाबूत होती. दुपारपर्यंत तशीच झाकलेली राहिली असती तर शिजून गेली असती. भिमाजीनं खिशातून कटर काढला.

"दाजी, फाडू नका," बजरंग पुढं आला. "ह्या चार कमानी धड हायेत. दोन माणसं लावतो, अल्लाद सोडवून घेतो. परत चढवता यील."

"किती वेळ लागंल?"

"उद्या दुपारपातुर."

भिमाजीनं कागदात कटर खुपसला.

"दाजी! अक्का असती तर असं वागला असता का माझ्यासंगं?"

"हिरा असती तर तुझा कागद काल तिनंच कापला असता. तुला इचारलंबी नसतं."

बजरंग पाइपांवरून आत यायला लागला. "सरा, म्या कापतो. तुमी दमलाय."

"हितं पाय टाकू नको."

"दाजी..."

"माझ्या तोंडात घास घातलेला हाय तू. म्हणून शिवी देत न्हाई. पन हितं येऊ नको."

बजरंग वाटेवरच थांबला. भिमाजी आणि शकुबाई कागदाचे तुकडे करून बाहेर ओढत राहिले. एकेक बेड उघडा पडत गेला. शकुबाई मोडलेल्या फांद्या छाटत मागून येत होती. कुठलं झाड राहील, कुठलं जाईल, ती बोलत नव्हती आणि भिमाजी विचारत नव्हता.

दहाच्या सुमाराला रेंज आली आणि फोन वाजला.

"आबा! किती वेळ फोन लावतेय मी! बरे आहात ना? वादळ नाशिकच्या पुढं गेलं, विरलं आता. पॉलिहाऊस?"

"पडलं."

"कसं पडलं? कापलं होतं ना तुम्ही?"

"म्या कापलं व्हतं."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "आणि मामानं?"

बजरंग वाटेवर उभा होता. त्याला ऐकू जात होतं. त्यानं भिमाजीकडं बघून हात जोडले.

"न्हाई," भिमाजी म्हणाला.

"पण तुम्ही तर म्हणाला होता, कापतोय म्हणून."

"त्यो म्हणला व्हता, पोरी."

त्यानं फोन खिशात टाकला आणि पुढच्या बेडवरचा कागद ओढायला घेतला.