तोरणमाळच्या फाट्यावरचा फ्रीझर

मी फ्रीझर बोलतोय. तोरणमाळच्या वाटेवर, फाट्यावरच्या हॉटेलात, स्वयंपाकघराच्या दाराशी मला ठेवलंय. पुढे चढाचा रस्ता आहे, म्हणून गाड्या इथं थांबतातच. जेवण कसंही असो.

सुरुवातीला ते खरंच चांगलं होतं. आचारी भिला रोज ताजी भाजी आणायचा. मग मालक हेमकांतच्या ओळखीचे लोक नुसता चहा पिऊन मोबाईलवर पाच तारे देऊ लागले. गर्दी वाढली. ताजं आणणं मागं पडलं आणि सगळं माझ्या पोटात साठू लागलं.

माझ्या झाकणाचं रबर फाटलं, ते कुणी बदललं नाही. जूनमध्ये दोन दिवस लाईट नव्हती. भिलानं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं.

"भाऊ, पनीर वास मारी ऱ्हायनं. फेकी देऊ?"

"मसाला जास्ती टाक," हेमकांत म्हणाला. "चार पॉइंट सात रेटिंग शे आपलं. कोणले काय कळस?"

 भिलानं कढई चढवली.

त्याच दुपारी एकता नावाची बाई सासऱ्यांना घेऊन आली. जवरीलालजी थकलेले होते. समोर रमिलाबाईच्या झोपडीबाहेर चुलीवर भाकऱ्या भाजल्या जात होत्या. ते म्हणाले, "बेटा, तिथली गरम डाळ-भाकरी चालेल मला."

"बाबूजी, ते उघड्यावर आहे. इथले रिव्ह्यू बघा ना."

सुनेचं मन मोडू नये म्हणून ते बसले आणि ताट संपवून उठले.

बाराव्या दिवशी एकता एकटीच आली. पांढऱ्या साडीत. हेमकांतकडे तिनं पाहिलंही नाही. सरळ भिलासमोर उभी राहिली. "त्या दिवशी पनीर कसं होतं?"

भिलानं झारा खाली ठेवला. "खराब व्हतं, ताई. माले मालूम व्हतं."

ती माझ्याच झाकणावर हात टेकून उभी राहिली. "बाबूजी त्याच रात्री गेले. दोन उलट्या झाल्यावरही म्हणत होते, जेवण छान होतं. मीच आग्रह केला होता ना."

भिला त्याच दिवशी काम सोडून गेला. एकतानं एक तारा देऊन सगळं लिहिलं. हेमकांतनं खाली लिहिलं, 'ही अफवा आहे', आणि आठवड्यात चाळीस नवे पाच तारे आले. तिचं लिहिणं आता फार खाली गेलंय.

आज पहाटेपासून पुन्हा लाईट नाही. बाहेर एक गाडी थांबलीय. एक आई मोबाईल बघतेय आणि मुलांना म्हणतेय, "चला, हेच चांगलं आहे."

बाई, तो मोबाईल खाली ठेवा. आत या, माझं झाकण उघडा आणि एकदाच वास घ्या.