न झेललेली ओळ

"जा, नटूनथटून जा. फक्त तोंड उघडायचं नाय," हरेश्वरने सुनंदाला मासळीबाजारात गाठून सांगितलं होतं.

सुनंदा त्याची धाकटी बहीण. मढच्या कुठल्याही लग्नात हरेश्वरची बायको मथुरा धवला गायची आणि सुनंदा इतर बायकांना घेऊन तिची ओळ झेलायची. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलून म्हणायची, मगच पुढची. मथुराला जाऊन सात महिने झाले होते.

हरेश्वरचा राग यज्ञेशवर होता. मुलुंडचा हा माणूस कोळीवाड्यांच्या इतिहासावर भाषणं द्यायचा. मथुराची गाणी टिपायला तो अकरा वेळा घरी आला आणि अकराही वेळा जेवून गेला. ती आजारी पडली तेव्हा फिरकला नाही. गेली तेव्हाही नाही. आणि आता अंधेरीच्या सभागृहात त्याचं प्रदर्शन लागलं होतं. तिथे मथुराचा दाराएवढा फोटो, खाली एवढंच : 'धवला गाणारी कोळीण, मढ.' ते वाचून आला त्या दिवशी हरेश्वर जेवला नाही.

रविवारी दुपारी तिथेच गाण्याचा कार्यक्रम ठेवून यज्ञेशने सुनंदाला आणि बायकांना बोलावलं होतं. सभागृह भरलेलं. सुनंदा आणि सहा बायका लुगडी नेसून, केसांत अबोली माळून स्टेजवर बसल्या. हरेश्वर पहिल्या रांगेत, अगदी त्यांच्या समोर.

यज्ञेश माईकवर म्हणाला, "रेकॉर्डिंगमधला आवाज ओळ टाकेल आणि ह्या मावशी ती झेलतील. हे असं पहिल्यांदाच होतंय."

मथुराचा आवाज आला. हरेश्वरने गुडघे घट्ट धरले. तिने एक ओळ म्हटली आणि सवयीने थांबली, बायकांसाठी.

बायका गप्प.

स्पीकरमधून कावळे ऐकू आले, भांड्यांचा आवाज आला. मग तिची दुसरी ओळ. पुन्हा गप्प. लोक कुजबुजायला लागले.

"मावशी, म्हणा ना," यज्ञेश हसत म्हणाला.

"कोनाची ओळ झेलू?" सुनंदाने विचारलं. "नाव सांग तिचं."

यज्ञेशने हातातला कागद उलटून पाहिला. मग खाली बघत म्हणाला, "काका, मावशींचं नाव... मी त्यांना मावशीच म्हणायचो हो."

"अकरा वेळा जेवलास रे," हरेश्वर बसल्या जागेवरून म्हणाला. "मी नाय सांगनार."

तेवढ्यात तिसरी ओळ संपली आणि त्या मोकळ्या जागेत स्पीकरमधून हरेश्वरचाच आवाज घुमला, "मथुरे, भात लागला गं!"

त्यानंतर मथुरा हसली. "लागू दे," म्हणाली आणि पुढची ओळ सुरू केली.

बायका गातील, त्यात हे बुडून जाईल म्हणून यज्ञेशने ते तसंच ठेवलं होतं. नाव पहिल्या दिवसापासून त्याच्याजवळ होतं. सभागृहात कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अहो, नाव तर तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे!" यज्ञेश मान वर करीना.

सुनंदाचे डोळे भरले. नाव आलं होतं. तिने तोंड उघडलं आणि भावाकडे पाहिलं. हरेश्वरने मान हलवली. नाही.

गाणं नऊ ओळींचं होतं. नऊही ओळी रिकाम्या गेल्या. हरेश्वर यज्ञेशवरची नजर न काढता शेवटपर्यंत बसला. त्याला बरं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

वेसाव्याहून सगळे तरीच्या बोटीने परत निघाले. पलीकडे मढचा धक्का दिसायला लागला तशी सुनंदा म्हणाली, "दादा, तुजा सूड झाला. पन वयनी नव वेळा थांबली रं आमच्यासाठी."

हरेश्वर पाण्याकडे बघत म्हणाला, "ठाव हाय. मी मोजत होतो."