चष्म्याच्या डबीतलं पत्र

मी एक जुना चष्मा आहे. पत्र्याची एक डबी हे माझं घर. त्या घरात सहा महिन्यांहून जास्त काळ माझ्यासोबत एक पत्र राहत होतं, चार घड्या घातलेलं, निळ्या शाईचं. ज्याच्या नावाने ते आलं होतं, त्या लांबेर्तोने त्याला उत्तर दिलंच नव्हतं. मित्रांनो, मला गोष्ट नीट सांगता येत नाही. माझी डावी काच तडकलेली आहे. मी पाहिलं ते खरंच तसं होतं का, अशी शंका मला स्वतःलाच येते. तरी सांगून पाहतो.

मला घडवलं कोणी, ते ठाऊक नाही. तिमोर बेटावर, मालियानाच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या गावी मला एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी आणलं. गाव सोडताना त्यांनी मला लांबेर्तोला दिलं. तो चर्चमध्ये प्रार्थना वाचून दाखवायचा. गावात चष्मा एकच, त्यामुळे मी कुणा एकाचा राहिलो नाही. सुईत दोरा ओवायला, पायातला काटा काढायला, सरकारी कागदावर अंगठा कुठे उठवायचा ते बघायला मला बोलावणं यायचं. लांबेर्तोची धाकटी बहीण ओलांदिना मला नाकावर चढवून मका निवडायची आणि भावाची नक्कल करायची, "बंधूंनो, झोपू नका, प्रार्थना अजून संपलेली नाही!" लांबेर्तो लाजून हसायचा. ते माझे चांगले दिवस.

मग मतदान आलं. चोवीस वर्षं आमच्यावर इंडोनेशियाच्या सैन्याचा अंमल होता. आता त्यांच्यातच राहायचं की स्वतंत्र व्हायचं, हे लोकांना विचारणार होते. सैन्याने गावोगावच्या तरुणांना बंदुका देऊन टोळ्या उभ्या केल्या होत्या. ओलांदिनाचा नवरा गास्पार अशाच एका टोळीत गेला होता. मतदानाच्या आदल्या दिवशी तो कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाला, "दादा, आईला नेऊ नका. कोण कोण जातंय, त्यांची नावं लिहून घेताहेत."

"घेऊ देत!" आतून लांबेर्तोची म्हातारी आई बी-सोई ओरडली. तोंडात पानाचा तोबरा. "माझं नाव ठसठशीत लिही म्हणावं. जन्मात कुणी लिहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी लांबेर्तो तिला हात धरून घेऊन गेला. आत जाताना तिने मला त्याच्या नाकावरून उतरवलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तिने कुठे खूण केली ते मी पाहिलं, पण सांगणार नाही. मत गुप्त असतं. एवढंच सांगतो, तिचा हात थरथरत नव्हता.

निकाल स्वातंत्र्याचा लागला आणि टोळ्या सुटल्या. घरं ओळीने जळत आली. हजारो माणसांना ट्रकमध्ये कोंबून सीमेपलीकडे, बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागात नेत होते. गास्पारने ओलांदिनालाही चढवलं. ती मागे वळून ओरडत होती, "दादा, आईला जप!" लांबेर्तो आईला पाठीवर घेऊन डोंगरात पळाला. एका घसरणीवर मी खिशातून पडलो. काच तडकली, एक दांडी निखळली. गुहेत खायला रानकंद होते आणि प्यायला गढूळ पाणी. नवव्या दिवशी म्हातारी तापाने गेली. "मीच नेलं तिला मतदानाला," एवढंच लांबेर्तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पुढे परदेशी शांतिसैनिक आले आणि माणसं खाली उतरली. एका तांबूस केसांच्या शिपायाने खिशातून तांब्याची तार काढून माझी दांडी बांधून दिली. काहीतरी बोललाही.

"काय म्हणतोय?" कुणीतरी विचारलं.

"म्हणतोय, मला एवढीच लढाई जमते," शेजारचा आब्राव म्हणाला. त्याला त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. कितीतरी दिवसांनी माणसं हसली.

ईस्टरच्या सुमारास ते पत्र आलं. "दादा, आम्ही छावणीत आहोत. परत गेलात तर शांतिसैनिक गोळ्या घालतील, असं इथे सांगतात. खरं का? आई कशी आहे? तिला पान मिळतं ना?" लांबेर्तोने मला लावून ते तीनदा वाचलं, घडी घालून माझ्या डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. मग ते झाकण त्याला उघडवेना. पत्र दिसू नये म्हणून त्याने मलाच सोडून दिलं. प्रार्थनेचं पुस्तक तो हात लांब करून अंदाजाने वाचू लागला.

आमच्याकडे मृत्यूनंतर घरचे लोक वर्षभर छातीवर काळी फीत लावतात. वर्ष भरलं की सगळी भावंडं जमतात आणि फिती एकदम उतरवतात. वर्ष भरलं, वर दोन महिने झाले. फिती तशाच होत्या.

"अहो, काळ्याचं राखाडी झालं," लांबेर्तोची बायको सेसाल्तिना म्हणायची. "ओलांदिनाला कळवणार कधी?"

"शब्द सापडत नाहीत."

"जन्मभर पुस्तकं वाचलीत आणि 'आई गेली' एवढे दोन शब्द सापडत नाहीत?"

डबीत मी नुसता तळमळत होतो.

नोव्हेंबरात मृतांच्या प्रार्थनेचा दिवस आला. सेसाल्तिनाने डबी बळेच त्याच्या खिशात घातली, पण त्याने मला बाहेर काढलं नाही. वाचायच्या कागदावर दोन याद्या होत्या. वरच्या अर्ध्यात मृतांची नावं, आणि सीमेपलीकडची माणसं सुखरूप परतावीत म्हणून खाली त्यांची. मध्ये एक बारीक रेघ. ती त्याला दिसलीच नाही. "या मृतात्म्यांना शांती लाभो," असं म्हणून तो वाचू लागला. "बी-सोई," वरच्या यादीतलं शेवटचं नाव तो म्हणाला, आणि त्याच दमात, "ओलांदिना."

एका म्हातारीने हंबरडा फोडला. आब्राव उठून उभा राहिला. "लांबेर्तो, खबर कधी आली रे?"

"कसली?"

"ओलांदिना गेल्याची. आत्ता तूच वाचलंस."

लांबेर्तोने कागद आणखी लांब धरून पाहिला. "नाही, नाही! जिवंत आहे ती. तिचं पत्र आलंय."

"कधी?"

"ईस्टरला."

सेसाल्तिना पुढे आली. तिने त्याच्या खिशातून डबी काढली, मला त्याच्या नाकावर बसवलं आणि पत्र हातात दिलं. "आता वाचा. मोठ्याने."

त्याने वाचलं. पानाची ओळ त्याने दोनदा वाचली.

"ये म्हणून लिही," बायका म्हणाल्या.

"आणि गास्पार? माझं घर त्याच्या टोळीने जाळलं." आब्राव म्हणाला आणि बाकावर टेकला. "त्यालाही लिही. आपण रीतीप्रमाणे चटई अंथरू. तिच्यावर बसून काय काय केलं ते सगळ्यांदेखत सांगावं लागेल. कुणी मारणार नाही. पण बोलताना माझ्याकडे बघायचं म्हणावं."

लांबेर्तोने तिथेच बाकावर कागद घेतला. माझ्या तडकलेल्या काचेतून मला ओळी वाकड्या दिसत होत्या. कदाचित त्या वाकड्याच असतील.

मित्रांनो, चष्मा मऊ फडक्याने पुसावा, काचांवर पालथा ठेवू नये, हे तुम्ही जाणताच. माझी विनंती थोडी वेगळी आहे. वाचवत नाही म्हणून चष्मा डबीत कोंडू नका. पत्रातला प्रश्न झाकणाखालीही जागाच असतो, आणि विचारणारं माणूस दूर कुठेतरी दारात उभं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीकाठच्या शांतिसैनिकांच्या चौकीवर गेलो. पलीकडच्या छावण्यांत पाठवायची पत्रं तिथल्या पेटीत टाकत. लांबेर्तोने पाकीट फटीत अर्धं सरकवलं, परत ओढलं. शिपायाकडे खुणेने पेन मागितलं आणि पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, "तुझी फीत वहिनीने करून ठेवली आहे. तू लाव, मग सगळ्यांच्या एकदम काढू."

शाई वाळेपर्यंत तो पाकिटावर फुंकर घालत राहिला. मग त्याने ते आत सोडलं.