आत्याचा गुरुवार

केंदूरच्या पाणी संस्थेत कॉम्प्युटर आला तो सत्यजीतच्या हट्टापायी. मासिकासोबत फुकट मिळालेल्या सीडीवरून पठ्ठ्या पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकला होता, आणि साल दोन हजार पाच असल्यानं गावात त्याला टोकणारं कुणी नव्हतं. कुणाच्या रानाला कोणत्या वारी पाणी ते सभेत वाचून दाखवलं गेलं. सत्यजीतनं त्याची यादी मशीनमध्ये घातली आणि तिला 'जुनी' असं नाव दिलं.

मग त्याला हुशारी सुचली. दिवसाची वीज गेली तर वार कसे बदलावे लागतील ते करून बघू म्हणाला. 'नवी = जुनी' असं लिहून त्यानं दुसरी यादी केली, निदान त्याला तसं वाटलं. 'नवी'त आपल्या आत्याचा गुरुवार गावातल्या खंडूला दिला, खंडूचा सोमवार आत्याला दिला. बेत काही जमेना, तेव्हा त्यानं 'नवी' टाकून दिली आणि 'जुनी'चे कागद छापून घरोघर वाटले. मनात शंका अशी नव्हतीच. एकाच आकड्याला दोन नावं देऊन त्यानं आधी करून पाहिलं होतं. दुसऱ्या नावाचा आकडा बदलला तरी पहिला जागच्या जागी राहायचा. यादीही तशीच वागणार, असं त्यानं धरून टाकलं.

आत्याला, म्हणजे बयाबाईला, वाचता येत नव्हतं. सभेत ऐकलं होतं तसं गुरुवारी ती कांद्याला पाणी द्यायला गेली, तर खंडू कागद घेऊन उभा. सभेला तो नव्हताच, आणि बाकीच्यांना आपापला वार तेवढा ठाऊक. भांडण संस्थेत आलं. सत्यजीतनं सगळ्यांसमोर 'जुनी' उघडली. तिथं आत्याच्या नावापुढं सोमवार होता. 'नवी'त कुणाचा वार फिरवला होता, ते आता त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"आत्या, मशीनला इसराय होत न्हाई," तो म्हणाला. "तूच इसरलीस."

लोक हसले. तोही हसला, ते त्याला पुढं फार छळत राहिलं.

कांदा थोडा करपला, त्याचं एवढं नाही. पण आत्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला. भाजीत मीठ घातलं का, ते ती सुनेला विचारू लागली. शेळ्या आत आल्या का, म्हणून पुन्हा पुन्हा उठून बघायची. मग घरातलेही म्हणू लागले, आत्याला काय विचारता. तिच्या देखत म्हणायचे.

दोनेक वर्षांनी सत्यजीत दौंडला कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागला. तिथं मास्तरांनी सांगितलं की आकडा किंवा मजकूर बदलता येत नाही, बदलायला गेलं की नवाच तयार होतो. यादी मात्र आहे तिथंच बदलते. तिला दुसरं नाव दिलं म्हणजे तिची प्रत होत नाही. सत्यजीतला आत्याचा गुरुवार आठवला. आत्या माहेरची नकुशी, सासरी गेल्यावर बयाबाई झाली. नावं दोन, पण बाई एकच. एवढं साधं त्याला कळायला हवं होतं. 'नवी'त केलेला बदल 'जुनी'तच झाला होता, आणि त्या मशीनच्या भरवशावर त्यानं रक्ताच्या माणसाला खोटं पाडलं होतं.

क्लास अर्धा टाकून तो केंदूरला आला. आत्या ओसरीवर लसूण सोलत होती.

"आत्या, तुझा गुरुवारच हुता," तो म्हणाला. "तू इसरली न्हवतीस. चूक माझी हुती."

त्यानं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि लसणाच्या हातानंच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"आसंल बाबा. माझं मन राखाया एवढ्या लांबनं आलास व्हय?"

तो पुन्हा सांगू लागला, तेवढ्यात शेजारची रंभा अंगणात आली. औंदा तुमची पाण्याची पाळी कोणत्या वारी, असं तिनं आत्याला विचारलं. आत्यानं सत्यजीतकडं बोट दाखवलं.

"सत्यजीतला इचार गं," ती म्हणाली. "माझ्या ध्यानाचं काय खरं न्हाई."