बेटावरची जागा

मलिकाबींनी आधी चपला होडीत टाकल्या, मग काठी, आणि मग जळबा भोयाचा खांदा धरून स्वतः उतरल्या. होडी डुचमळली. आसिफने डोळे मिटून घेतले.

“सेनगावात ट्रकचं इंजिन उघडतंय हे पोरगं,” त्या जळबाला म्हणाल्या, “आन् पान्याला बघा कसं भेऊन राहिलंय.”

आसिफने होडीची कड घट्ट धरली. तो पाळण्यात असताना धरणाचं पाणी आलं, गाव वर सरकलं आणि टेकडीवरचं जुनं कब्रस्तान तेवढं बेट होऊन मागे राहिलं. निजामाच्या आधीपासूनची माणसं तिथं होती. बैलांचा तांडा घेऊन आलेला आणि वाटेत तापानं गेलेला एक नाईकही त्यांच्यातच. पाणी आल्यानंतर गेलेली माणसं मात्र नव्या कब्रस्तानात, डांबरी रस्त्याला लागून. त्याच्या अम्मीचा, मलिकाबींचा, हट्ट एकच: मी गेल्यावर मला बेटावर ने, तुझ्या अब्बांच्या बाजूला. जनाजा होडीतून कोण नेणार, यावरून घरात ताटं सरकवून झाली होती. एकदा डोळ्यांनी बघतील तर नाद सोडतील, म्हणून आसिफने आज त्यांना आणलं होतं.

बेटावर बाभळी माजल्या होत्या. आसिफ काटे चुकवत होता. मलिकाबी गल्लीतून जावं तशा चालल्या होत्या.

“ही खातूनबी. साखर उसनी न्यायची, परत द्यायची न्हाई. हे हाफिजमामू. सलाम, मामू. आन् हा तांड्याचा नाईक.” मग त्या थांबल्या. “हे तुजे अब्बा.”

आसिफने ही कबर कधी पाहिली नव्हती. त्याने नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

मलिकाबी मात्र जागा बघत होत्या. कबरीच्या एका अंगाचा काठ पाण्याने खाऊन टाकला होता. दुसऱ्या अंगाला त्यांची सासू. सासूच्या पलीकडे ऐसपैस मोकळी जमीन. त्या तिथं गेल्या, पदर सावरला आणि सरळ आडव्या झाल्या.

“अगं बया! उठा, भाभी!” जळबा ओरडला.

“मधी सासू,” मलिकाबी आभाळाला म्हणाल्या. “एका खोलीचं घर होतं आमचं. जित्यापनी बी ही मधीच निजायची.” त्या उठल्या, माती झटकली. “चल, आसिफ्या. नवं कब्रस्तान बरं हाय. तुमाला बी तकलीफ न्हाई.”

आसिफचं काम फत्ते झालं होतं. पण ‘चल’ म्हणणारी अम्मी निघेचना. ती सासूच्या कबरीपाशी बसून गवत मुळासकट उपटत होती. मग तिने पदराने दगड पुसला, कोपरेसुद्धा.

“अम्मी, काहून एवढं?”

“काटा टोचला की रातभर बोलायची ही.”

परतताना त्या उलट्या तोंडाने बसल्या, बेट दिसेनासं होईपर्यंत.

काठावर उतरून मलिकाबी पुढे निघाल्या. आसिफ होडीपाशी रेंगाळला.

“जळबाकाका,” तो हळूच म्हणाला, “हिच्यातून आडवं मानूस नेता येतंय का?”

जळबाने दोर खुंटाला बांधला. पाठमोऱ्या मलिकाबींकडे पाहिलं.

“येतंय की. फकस्त मधीच उठून बोलाय लागलं, तर माजा जिम्मा न्हाई.”

“आसिफ्या!” वरून हाक आली. “काय बोलून राहिला रे?”

“काई न्हाई, अम्मी. मासळीचा भाव इचारून राहिलो.”