दहा वर्षांच्या मापाचा कोट

मी शिवणकाम करते. घरातले सगळे आता ‘करायची’ म्हणतात, पण ते त्यांचं ते बघतील. एक्केचाळीस वर्षं बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसून मी लोकांच्या पँटी आखूड केल्या, गणवेश शिवले, बिघडलेल्या चेनी बदलल्या. नवरा लवकर गेला. मुलगा त्याच मशीनच्या खडखडाटात अभ्यास करून मोठा झाला आणि त्याने तेव्हा आवाजाची कधी तक्रार केली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचं ऑफिस घरात आलं. नेट फक्त मधल्या बोळकंडीत धड येतं, म्हणून टेबलही तिथेच लागलं, संडासाच्या भिंतीला चिकटून. घरात संडास एकच. एक दिवस मीटिंगचं ते कानाचं यंत्र काढून तो माझ्याकडे आला.

“आई, मीटिंग चालू असताना फ्लश नको ना करूस. सगळ्यांना ऐकू जातं. परवा साहेब हसले.”

“मग काय करू? खिडकीतून उडी मारू?”

“लगेच चिडू नकोस. मीटिंग संपली की जा. तासाभराचा तर प्रश्न आहे.”

तासाभराचे असे प्रश्न सकाळी दोन असायचे आणि दुपारी तीन. राग माझ्या नाकावर असतो. मी पुन्हा एका शब्दाने विचारलं नाही. त्याऐवजी पाणी पिणंच बंद केलं. सकाळी कपभर चहा, जेवताना अर्धा पेला, बस. मग जायची वेळच येत नाही, आणि आली तरी पाय आवळून बसता येतं. मशीनवर बसणाऱ्या बाईला ते छान जमतं. लघवी काळपट व्हायला लागली, वास यायला लागला. मला वाटलं, उष्णता असेल. जळजळ म्हणाल तर अजिबात नव्हती.

पुढचे बारा दिवस मला आठवत नाहीत, पण ते मला इतक्यांदा ऐकवलेत की आता पाठ झालेत. मी सुनेला माझ्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारत होते. बोळकंडीत गिऱ्हाइकं खोळंबलीत, त्यांना खुर्च्या द्या, म्हणून ओरडत होते. आणि एका सकाळी मुलाचा निळा कोट कपाटातून काढून, उसवून, कापून मी त्याचा दहा वर्षांच्या मुलाचा कोट केला. तो कोट मी नंतर पाहिला. छाती सव्वीस, बाही सतरा. दहा वर्षांचा असताना माझ्या मुलाचं जे माप होतं तेच, दोऱ्याचाही फरक नाही. अस्तर कुठे ओढलेलं नव्हतं. खरं सांगते, इतकं चांगलं काम मी शुद्धीतही थोडंच केलंय.

कुणी डॉक्टरला बोलावलं नाही. वय झालं, असं दोघांनी आपसात ठरवलं आणि वयावर औषध नसतं म्हणून विषय संपवला. कात्री कुलपात गेली. मशीनचा पट्टा काढून ठेवला. मुलगा एका रजेच्या दिवशी वृद्धाश्रम बघून आला, फॉर्म भरून आला. तेराव्या दिवशी मी तापाने फणफणून बोळकंडीत आडवी झाले, तीही मीटिंग चालू असताना. तेव्हा कुठे दवाखाना.

सलाइनमधून औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी मी डोळे उघडले आणि नर्सला म्हटलं, “तुझ्या ॲप्रनचा खिसा कुठल्या आंधळ्याने लावलाय गं?” डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. पोरसवदाच होत्या, पण हुशार. त्यांनी मुलाला समोर बसवून समजावलं.

“यांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता. तरुण माणसाला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं. म्हाताऱ्या माणसाला कधीकधी यातलं काहीच होत नाही, एकदम डोकंच गोंधळतं. चांगलं माणूस दोन-चार दिवसांत असं बदललं तर म्हातारपण म्हणून सोडायचं नाही, लघवी तपासायची.” मग माझ्याकडे वळल्या. “आजी, पाणी पीत जा. लघवी तुंबवायची नाही. पुसताना पुढून मागे. बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. आणि पुन्हा काही वाटलं तर पहिल्याच दिवशी यायचं. दिवसातून किती वेळा जाता तुम्ही?”

मी मुलाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत होता.

“जाते की. लागेल तेव्हा जाते,” मी म्हटलं.

का म्हटलं? चारचौघांत त्याची मान खाली जाऊ नये म्हणून. आई असण्याचा एवढा संताप मला आधी कधीच आला नव्हता.

त्याने मात्र माझी बाजू सांभाळली नाही. “डॉक्टर, पण त्याआधीही ती विसरायचीच,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकांची नावं चुकायची.” अरे, गिऱ्हाइकांची नावं मला कधी माहीत होती? मी माणसं कंबरेवरून ओळखते.

घरी आले ती वेगळीच कुणीतरी होऊन. चष्मा सापडेना की दोघं एकमेकांकडे बघणार. भाजीत मीठ जास्त पडलं की बघणार. मी चिडले तर सून हळूच म्हणणार, “चिडचिड होतेच हो अशात.” चिडले नाही तर, “आज शांत आहेत, नाही?” जुनी गिऱ्हाइकं दारात आली की सून त्यांना परस्पर वाटेला लावायची. “आई आता काम करत नाहीत.” मी आतून ओरडायचे, “करते, करते!” त्यावर ती गिऱ्हाइकाकडे बघून असं काही हसायची की ते बिचारं पिशवी घेऊन परत जायचं.

शेवटी मी मुलाला समोर बसवलं आणि सरळ विचारलं, “माझी कात्री कधी देणार?”

“एक महिना नीट जाऊ दे, आई. पुन्हा इन्फेक्शन झालं नाही तर देतो. मशीनही सुरू कर. पण झालं, तर मग मला जमणार नाही. त्या आश्रमात चोवीस तास नर्स असते. त्यांनी जागा महिनाभर राखून ठेवलीय.”

तो वाईट मनाने बोलत नव्हता, हेच जास्त लागलं. एखाद्या गिऱ्हाइकाला तारीख द्यावी तसा बोलत होता.

मी पाणी प्यायला लागले. मोजून आठ पेले. जायची वेळ आली की जायची. फ्लशबद्दल तो तोंडाने काही बोलला नाही, फक्त मी बोळकंडीत दिसले की माइकवर हात ठेवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. ते मिटलेले डोळे बघून मी कितीदा तरी अर्ध्या वाटेवरून परत फिरले. तो मूर्खपणा माझा, कबूल आहे.

सव्विसाव्या दिवशी सकाळी जळजळ झाली. या वेळी झाली, आणि चांगली आग व्हावी तशी झाली. मी तिथेच बसून हिशेब केला. डोकं शाबूत आहे. पहिलाच दिवस आहे. डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत. गोळ्या आणायच्या, गुपचूप घ्यायच्या, चार दिवस काढायचे, कात्री घ्यायची. “पाय मोकळे करून येते,” असं सुनेला सांगितलं आणि मी एकटी दवाखान्यात गेले. रस्ता ओलांडला, लिफ्टचं बटण दाबलं, सगळं नीट. शाळेतून एकटी घरी आलेल्या पोरीसारखी मी स्वतःवर खूश होते.

काउंटरवरच्या मुलीला सगळं व्यवस्थित सांगितलं. जळजळ कधीपासून, ताप नाही, कंबर दुखत नाही, मागच्या वेळी कुठली गोळी होती तेही. तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि एकदम लहान बाळाशी बोलावं तशी बोलायला लागली.

“आजी, एकट्याच आलात? बसा हं इथे. तुमच्या फाइलवर लिहिलंय ना, एकट्या आल्या तर मुलाला कळवायचं. स्मृतिभ्रंश आहे म्हणून. मुलानेच लिहून दिलंय.”

“मला काहीही झालेलं नाही. डॉक्टरांना विचार.”

“हो हो, विचारते. बसा तुम्ही.” तोवर फोन कानाला लागलाही होता.

डॉक्टरांचं दार माझ्यापासून सहा पावलांवर होतं. मी उठले तर तिने दवाखान्यातल्या मावशींना माझ्याजवळ बसायला पाठवलं. मावशींनी माझा हात घट्ट धरून ठेवला, अगदी मायेने.

मुलगा वीस मिनिटांत आला. गळ्यात ते कानाचं यंत्र तसंच लोंबत होतं. माझ्याशी न बोलता तो आधी काउंटरशी गेला. “बरं केलंत फोन केलात. काय म्हणत होती?”

“लघवीला आग होते म्हणतात.”

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. चेहरा ओढलेला होता. रात्रीची झोप नसावी.

“आई, खरंच होतंय, की तुला नुसतं वाटतंय?”

खरं सांगितलं तर राखून ठेवलेली ती जागा. नाही सांगितलं तर डोकं जाणार. कदाचित या आठवड्यात, कदाचित पुढच्या, आणि मग कुणी विचारायचंही कारण उरणार नाही. बसल्या जागी माझ्या पोटात निखारा ठेवल्यासारखं होत होतं.

“वाटलं होतं रे,” मी म्हटलं. “आता काही नाही.”

त्याने सुटकेचा श्वास सोडला. महिन्याभरात पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून हसला, मला हाताला धरून उठवलं आणि त्या मुलीला म्हणाला, “नंबर रद्द करा.”